नकाशावरचा पांढरा तालुका

"काळ्या गं रानामंदी पात धरली उन्हाची,
दुखलं म्हनू नये, बाई, लाज राखावी मनाची..."

भागूआत्याचा आवाज गोड नव्हता. कोरड्या विहिरीच्या रहाटासारखा करकरत वर यायचा, पण एकदा आला की पाण्यासारखा वाफ्यावाफ्यांत पसरायचा. कांचन तेव्हा वीस वर्षांची होती, लग्नाची हळद अजून नखांच्या कडांना चिकटलेली. कांदा लावणाऱ्या टोळीत तिचा तो पहिला दिवस. पौषातली सकाळ, वाफ्यात सोडलेलं पाणी गारठलेलं, डाव्या मुठीत रोपांची जुडी. उजव्या अंगठ्यानं एकेक रोप चिखलात दाबायचं आणि उकिडवं बसल्याबसल्याच मागं सरकायचं. दुपारी भाकरीला उठताना तिच्या तोंडून "आई गं" निघून गेलं, आणि टोळीचं गाणं मध्येच तुटलं.

टोळीची म्होरकी भागूआत्या मान वर न करता म्हणाली, "कांचन, दुखनं बांधावर ठिवून यायचं. संध्याकाळी जाताना ज्याचं त्यानं उचलायचं. तिथंच असतं ते. कोनी चोरत न्हाई."

बायका खळखळून हसल्या. कांचनही हसली. त्यानंतर तिच्या तोंडून तो शब्द पुन्हा निघाला नाही.

टोळीत आणखी एक रीत होती, तिला नाव नव्हतं. प्रत्येकीच्या वाट्याला वाफ्यातली एक पट्टी येते, तिला पात म्हणतात. एखादीचा गुडघा धरला की ती काही बोलत नसे. फक्त तिचं गाणं थांबे. मग तिच्या डावीकडची आणि उजवीकडची, दोघी आपापला हात तिच्या पातीत घालत. दोन रोपं आपली, एक तिचं. संध्याकाळी मुकादम बांधावरून बघायचा, तर सगळ्या पाती सारख्या भरलेल्या. कुणी कुणाचे आभार मानले नाहीत, कुणी कुणाला बोलूनही दाखवलं नाही.

* * *

दोन हजार त्रेचाळीस साल उजाडलं तेव्हा भागूआत्या नव्हती आणि मुकादमही नव्हता. टोळी कांचनच्या हाताखाली होती आणि काम 'शेतहात' नावाची कंपनी द्यायची, फोनवर. कोणत्या मळ्यात, किती वाजता, सगळं फोन सांगे. संध्याकाळी आभाळातून ड्रोन यायचा आणि पातींचे फोटो काढून जायचा. त्यालाही सगळ्या पाती सारख्याच दिसत.

कांदा लावणारी यंत्रंही आली होती. पण त्यांच्या खडकदेवळी गावच्या चिकट काळ्या मातीत ती पोटापर्यंत रुतत आणि त्यांना ओढून काढायला पुन्हा टोळीलाच बोलवावं लागे. टोळीतली सगळ्यांत थोरली बेबीताई म्हणायची, "यंत्राला बी गुडघे द्यायला पायजेल व्हते. बसता आलं आसतं बिचाऱ्याला."

शेतहातचा फोन तालुक्यातल्या सगळ्या टोळ्यांना दर हंगामाच्या सुरुवातीला एक प्रश्न विचारायचा. गेल्या महिन्यात बहुतेक दिवस गुडघा दुखला का? जी 'हो' म्हणेल तिच्या नावापुढं 'विश्रांती' असं उमटे. विश्रांती म्हणजे घरी बसा. पहिल्या वर्षी शेजारच्या गावातल्या दोघीतिघी खरं बोलल्या. त्या अजून विश्रांतीतच होत्या.

कांचनची मुलगी तेजल पुण्याला संख्याशास्त्र शिकली आणि राष्ट्रीय सांधेगणनेत नोकरीला लागली. संक्रांतीच्या आधी ती दोन दिवस घरी आली, ती खांद्याला एक पेटी अडकवूनच. वडील दुधाच्या टँकरवर गेलेले. घरात मायलेकी दोघीच.

"मम्मी, पाय पुढं घे."

"पैंजण आणलेत का काय?"

"गुडघेपट्टा आहे. आता उकिडवी बस, आणि उठ."

कांचन बसली, उठली. तेजलच्या हातातल्या पडद्यावर एक रेघ उमटत गेली, बाभळीच्या फांदीसारखी, सगळी काट्याकाट्यांची.

"काय म्हंतो तुझा पट्टा?"

तेजलनं पट्टा सोडून पेटीत ठेवला. मग आईला समजावू लागली. समजावताना ती लहानपणी पाढे म्हणायची तशी बोटं हलवायची, ती सवय अजून गेली नव्हती.

गुडघ्यात दोन हाडं समोरासमोर येतात. त्यांच्या टोकांवर कूर्चेचा थर असतो, ओल्या काचेसारखा गुळगुळीत. त्या थरात रक्तवाहिनी नाही आणि मज्जातंतूही नाही. म्हणून तो झिजतो तेव्हा ओरडत नाही. ओरडतं ते त्याच्या खालचं हाड आणि भोवतीचं अस्तर, तेही फार उशिरा. पण झिजलेला थर हलताना घासतो, आणि घासण्याचा आवाज होतो, आपल्या कानाला लागत नाही इतक्या उंच पट्टीतला. पट्ट्यात बसवलेले मोहरीएवढे कान तो ऐकतात. देशभरात लाखो गुडघे असे ऐकून झाले होते. संधिवाताचा हा झिजेचा प्रकार प्रौढांमध्ये नेमका किती पसरलाय, हे आजवर प्रत्येक जण वेगळं सांगत आला. एक्स-रे बघून मोजलं की एक आकडा, माणसांना विचारून मोजलं की दुसरा. आता पहिल्यांदाच सगळा देश एकाच कानानं ऐकला जाणार होता.

"आन् ऐकून काय करनार? टाळ धरनार?"

"उपचार आलाय, मम्मी. नाकाच्या आतल्या पडद्यातून चिमूटभर कूर्चा काढायची. तिच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या, तुम्ही कांद्याचं रोप टाकता ना, तसंच. आणि तयार झाल्या की गुडघ्यात झिजलेल्या जागी लावायच्या."

"म्हंजी नाक कापून गुडघ्याला लावायचं?"

"मम्मी!"

"तुझी आजी आसती तर म्हनली आसती, सुनेनं नाक कापलंच व्हतं, आता सरकारनं योजना काढली."

दोघी हसल्या. पण तेजलचं हसू आधी विझलं. या कूर्चेच्या लागवडीची केंद्रं सगळीकडं एकदम निघणार नव्हती. ज्या तालुक्यात रुग्ण जास्त, तिथं आधी. आणि रुग्ण कुणाला म्हणायचं, हा नियम ठरवताना समितीतल्या मोठमोठ्या लोकांशी तेजल भांडली होती. आवाज मोठा असून न दुखणारे गुडघे असतात, आवाज नसून दुखणारेही असतात. नुसत्या यंत्राच्या सांगण्यावरून माणसाला रोगी ठरवायचं नाही, असं तिचं म्हणणं. दोन साक्षी हव्यात. एक यंत्राची, दुसरी माणसाच्या तोंडची. तिचं म्हणणं मान्य झालं होतं आणि त्याचा तिला अभिमान होता.

"आता दुसरी साक्ष," ती म्हणाली. तिचा आवाज जरा सरकारी झाला. "गेल्या महिन्यात बहुतेक दिवस गुडघा दुखला का?"

शेतहातचा प्रश्न. शब्दाला शब्द तोच.

कांचननं तव्यावरची भाकरी उलटली. "न्हाई."

"मम्मी, ही रेघ बघ तरी."

"रेघ तुझी आसंल. गुडघा माझा हाये."

* * *

दुसऱ्या दिवशी सांधेगणनेची माणसं मळ्यावर आली. आपल्याच घरच्या माणसांची साक्ष घ्यायची नाही असा नियम, घरी विचारलेलं नोंदीत चालत नव्हतं, म्हणून तेजल लांब लिंबाखाली उभी राहिली. बायकांना बांधावर ओळीनं बसवलं, उठवलं. गणनेचा माणूस भला होता, प्रत्येकीला 'आई' म्हणत होता. पण प्रश्न सगळ्यांसमोर विचारत होता, आणि एकीचं उत्तर दुसरीच्या कानावर पडत होतं.

"न्हाई."

"न्हाई."

"दुखायला येळ कुठंय भाऊ?" बेबीताई म्हणाली. "न्हाई ल्हे."

कांचनची धाकटी जाऊ अर्चना हिला बसताच येईना. ती बांधाच्या दगडाला हात लावून अर्धवट वाकली, तोंड पांढरं पडलं, पण म्हणाली, "न्हाई." आणि पूजा, टोळीतली सगळ्यांत नवी, पाचवा महिना लागलेली, ती तर प्रश्न पुरा व्हायच्या आतच "न्हाई" म्हणून मोकळी झाली.

माणसं गेली. बायका वाफ्यात उतरल्या. बेबीताईनं गाणं उचललं, जागच्या जागी जुळवलेलं,

"पट्टा बांधला गुडघ्याला, दिल्ली ऐकते करकर,
माझ्या उशाच्या धन्याला न्हाई ऐकू आलं आजवर!"

हसण्यानं वाफा हलला. पण अर्चनाचा आवाज त्यात नव्हता. कांचननं एका बाजूनं तिच्या पातीत हात घातला, दुसऱ्या बाजूनं पूजानं. दोन रोपं आपली, एक तिचं. दोन वर्षं हे असंच चाललं होतं.

लिंबाखालून तेजल बघत होती. तिला ते हात दिसले. त्यांचा अर्थ मात्र तिला कुणी कधी सांगितला नव्हता.

* * *

माघात नकाशा आला. देशातला दर पाचवा प्रौढ झिजलेल्या सांध्यांचा, असं मोठ्या अक्षरांत. शहरं लाल, समुद्रकाठ लाल, डोंगराळ मुलूख गुलाबी. आणि मध्येच एक तालुका पांढराशुभ्र.

तेजल नकाशा घेऊन घरी आली ती चप्पल न काढताच बोलायला लागली.

"हे बघ. हे आपलं. सगळ्यांत मोठा आवाज कुठल्या गुडघ्यांचा माहितीये? तुमच्या. आणि दुखतंय म्हणणारं एकही माणूस नाही. एकही नाही, मम्मी! शहरात खुर्चीवर बसणारी माणसं 'हो' म्हणाली. तिकडं केंद्रं निघणार. इथं रुग्ण नाहीत, म्हणून केंद्र नाही."

"बरं मंग."

"बरं नाही. पुढं ऐक. शेतहातनं कामाचे धोके ठरवणाऱ्या आयोगाकडं अर्ज केलाय. म्हणतात, तुमचे गुडघे 'अभ्यस्त' आहेत. उकिडवं बसायची सवय झाली की झीज होऊनही त्रास होत नाही. तुमच्या टोळीचा दाखला दिलाय त्यांनी. आयोगानं हे मानलं, तर उकिडवं बसून करायचं कुठलंच काम गुडघ्याला धोक्याचं धरणार नाहीत. कापूस, भात, वीटभट्टी, काहीच नाही. फक्त इथंच नाही, सगळ्या देशात."

कांचननं नकाशातल्या पांढऱ्या ठिकाणावर बोट ठेवलं. धुतल्या फडक्यासारखं दिसत होतं ते.

"मंग तू बदल की. तुझ्याच हातात हाये."

"नाही बदलता येत. तुझ्या शब्दाशिवाय तुला कुणी आजारी म्हणू नये, म्हणून तर तो नियम लढून घेतला मी. आज तुझ्या भल्यासाठी तुझ्या तोंडात शब्द घातला, तर उद्या शेतहात पण घालेल. तू बोल. एकदा खरं बोल."

"आन् उद्या टोळीला काम?"

तेजलनं नकाशा मिटला.

"तू घरी आलीस का सरकारी आलीस? घरी आली आसशील तर हात धू, जेवायला बस."

"दुखतं ना तुला?" तेजलनं हळूच विचारलं. आता आवाज सरकारी नव्हता.

"न्हाई म्हनले ना एकदा."

तेजल न जेवता परतली.

चार दिवसांनी शेतहातचा समन्वयक हर्षल पेढे घेऊन आला. गोरागोमटा, बोलायला मिठ्ठास. "मावशी, तुमच्या टोळीचा सत्कार आहे. पोलादी गुडघे सन्मान! तालुक्याच्या सभागृहात. आयोगाच्या अध्यक्षा स्वतः येणार आहेत. तुम्ही फक्त मंचावर एकदा बसायचं, उठायचं. तुमच्या गुडघ्याचा आवाज आम्ही लाऊडस्पीकरवर ऐकवणार. आणि मग विचारणार, दुखतं का? तुम्ही म्हणायचं, नाही. बास. टाळ्या."

दुपारी कांचन अर्चनाच्या घरी गेली. अर्चना दारात रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसली होती. जमिनीवर बसणं तिनं केव्हाच सोडलं होतं. मागं संडासाच्या खिडकीला तिनं जुन्या साडीचा पीळ बांधून ठेवला होता, त्याला धरून उठायचं. कांचननं तो पीळ पहिल्यांदाच बघितला. हाताच्या घामानं मध्यभागी काळा पडलेला.

"तेजू म्हंती, नाकातलं रोप गुडघ्यात लावत्यात. तू चालायला लागशील."

"कुठं? पुन्याला?"

"इथंच. केंद्र आलं तर."

अर्चना ओळखून चुकली. "ताई, माझ्यासाठी त्वांड उघडू नको. तू बोललीस का सगळी टोळी विश्रांतीत. बेबीताईच्या घरी तिच्या एकटीचा पगार हाये. पूजाचं बाळंतपन आलंय. मी मेले काय आन् बसले काय."

"मरायची भाषा करू नको."

"मंग शपथ घे."

कांचननं शपथ घेतली नाही. पण बोलणारही नव्हती. घरी येताना तिनं मनाशी पक्कं केलं होतं. पांढरा तर पांढरा. टोळी जगली पाहिजे.

* * *

सत्काराच्या दिवशी शेतहातनं सगळ्यांना एका रंगाच्या साड्या दिल्या. बेबीताई म्हणाली, "शाळंच्या पोरींवानी दिसतोय. रांगेत उभं रहा, प्रार्थना व्हईल." दुसऱ्या दिवशी मोठ्या मळ्याची लागवड होती, त्याचं रोप सकाळीच उपटून, जुड्या बांधून, ओल्या गोणपाटाखाली ठेवून बायका आल्या होत्या.

सभागृह अजून भरायचं होतं. हर्षल स्पीकर तपासत होता. "कुणीतरी या हो जरा. पूजाताई, तुम्ही या."

पूजानं पट्टा बांधून घेतला, पोटाला हात लावून सावकाश बसली, उठली. यंत्रानं तो उंच आवाज खाली ओढून माणसाच्या कानाजोगा केला आणि रिकाम्या सभागृहात सोडला.

खर्रर्र. वाळूवरून चप्पल घासत कुणी चालत गेल्यासारखं.

पूजा दचकली. "हे माझं हाये?"

"मस्त!" हर्षल म्हणाला. "आवाज एकदम क्लियर."

पूजाला अजून पंचविसावं लागायचं होतं. ती स्पीकरकडं अशी बघत होती, जसं आतून कुणीतरी तिचं नाव घेऊन हाक मारली. कांचननं तिच्या गुडघ्याचा पट्टा सोडला. सोडताना तिच्या बोटांना त्या कोवळ्या गुडघ्याची ऊब लागली.

सभागृह भरलं. मंचावर लाल सोफा, त्यावर आयोगाच्या अध्यक्षा, पिकल्या केसांच्या डॉक्टरीणबाई. कोपऱ्यातल्या टेबलाशी गणनेच्या वतीनं तेजल. आज जाहीर साक्ष होणार, म्हणून घरच्या माणसाची आडकाठी नव्हती. तिनं आईकडं एकदाही बघितलं नाही.

हर्षलनं माईक हातात घेतला. काळ्या आईची लेकरं, कष्टाची मूर्ती, पोलादी गुडघे, सगळं म्हणून झालं. आणि मग हसत म्हणाला, "या सन्मानाबरोबर एक आनंदाची बातमी! या अभ्यस्त टोळीला उद्यापासून मोठी पात. आजच्या दीडपट. आम्ही तिला नाव दिलंय, अभिमानाची पात!"

टाळ्या पडल्या. टोळीतल्या एकीनंही टाळी वाजवली नाही. दीडपट पात. म्हणजे आता कुणाचा हात दुसरीच्या पातीत पोचणार नव्हता. आपलीच पुरी होताना दिवस मावळणार. अर्चनाची पात उद्या ड्रोनला उघडी दिसणार होती, आणि दोन महिन्यांनी पूजाची.

एवढी वर्षं गप्प राहून जे झाकलं, ते त्या गप्प राहण्याच्याच जोरावर आता उघडं पाडणार होते.

"कांचनमावशी, या!"

ती मंचाच्या मधोमध गेली. पट्टा बांधला. हर्षलनं सभागृहाला शांत राहायला खुणावलं. ती उकिडवी बसू लागली आणि स्पीकरमधून आवाज आला. खडी भरलेली बैलगाडी उतारावरून यावी तसा. पुढच्या रांगेतल्या एका मुलानं कानांवर हात ठेवले. ती पूर्ण बसली, आणि आवाज थांबला.

"वा! आता उठा, मावशी."

कांचन उठली नाही.

"उठा की मावशी. उठतानाचा आवाज तर खरा."

"बसू दे," कांचन म्हणाली. पट्ट्याशेजारच्या माईकनं तिचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत नेला. "सवय हाये ना आम्हाला. अभ्यस्त का काय ते."

कुणीतरी हसलं. हर्षलही हसला, पण घाईघाईनं. खाली वाकून तिच्या कानाशी म्हणाला, "मावशी, कार्यक्रम आहे." आणि तिचा दंड धरला.

"हात सोड. मी पडले न्हाई. बसले हाये."

त्यानं हात सोडला.

खाली, टोळीच्या रांगेत, बेबीताई खुर्चीवरून उठली. दोन रांगांच्या मधल्या वाटेत आली आणि पदर खोचून उकिडवी बसली. तिच्यामागं आणखी एक. मग आणखी. पूजा खुर्चीची पाठ धरून खाली उतरली. अर्चना एकटी खुर्चीवर राहिली होती. तिनं दोन्ही हातांनी समोरची खुर्ची धरली, ओठ दाताखाली घेतला, आणि इंच इंच करून खाली गेली. कांचनला मंचावरून दिसत होतं. अर्चना आता आपली आपण उठू शकणार नाही, हे दोघींनाही माहीत होतं. तरी ती बसली.

सगळी टोळी बसलेली. स्पीकर मुका.

अध्यक्षा सोफ्याच्या कडेला सरकल्या. "बाई, तुम्हाला काही सांगायचंय का?"

"आपनहून न्हाई सांगायचं. नियम हाये ना? इचारल्याबिगर ल्ह्यायचं न्हाई. चांगला हाये नियम. मंग इचारा."

"कुणी विचारायचं?"

"जिचं काम हाये तिनं."

तेजल उभी राहिली. हर्षल दोघींच्या मध्ये आला, हसू अजून तोंडावर तसंच राहिलेलं.

"मावशी, विचार करून बोला हं. इथलं बोलणं कंपनीला पण ऐकू जातं. उद्याचं काम..."

"जाऊ दे ऐकू. उद्याचं रोप गोनपाटाखाली पडलंय. परवाच्या उन्हात त्याचं गवत व्हतंय. तुझी यंत्रं चिखलात घाल आन् लाव. सगळ्यांना घालशील इश्रांतीत? घाल. मळा बी इश्रांती घील."

मागून बेबीताईचा आवाज आला, "घील मंग!" आणि बायकांत खसखस पिकली.

तेजलनं पडदा समोर घेतला. तिला नियमाप्रमाणे पूर्ण नाव घ्यायचं होतं.

"कांचन ज्ञानदेव दराडे. गेल्या महिन्यात बहुतेक दिवस तुमचा गुडघा दुखला का?"

कांचननं मुलीकडं बघितलं. ती बोटं हलवत पाढे म्हणायची तेव्हा, पुण्याच्या गाडीत बसताना तिनं मागं वळून बघितलं तेव्हा, ती न जेवता निघून गेली तेव्हा, दर वेळेला ओठांपर्यंत आलेलं तिनं परत गिळलं होतं. पोरीचं मन शिकण्यातून उडेल म्हणून. पोर आपल्याला अपराधी धरेल म्हणून.

"दुखला," ती म्हणाली. "पन महिन्याचं काय इचारतीस, तेजू? तू पोटात व्हतीस ना, त्या हंगामापासून दुखतंय."